ओट्यावर उजेड: कपाटाखालची एलईडी पट्टी मोजमापापासून बटणापर्यंत

स्वयंपाकघरातली ट्यूबलाईट बहुतेक घरांत छताच्या मधोमध किंवा ओट्याच्या समोरच्या भिंतीवर असते. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की ती पाठीमागे जाते आणि आपलीच सावली परातीवर पडते. भिंतीला वरची कपाटं असतील तर ओट्याचा मागचा निम्मा भाग आणखी अंधारा होतो. तुरीच्या डाळीतला खडा, ज्वारीच्या पिठातला किडा, कढईत करपायला लागलेली मोहरी जिथे दिसायला हवी, नेमका तिथेच उजेड नसतो. छताला आणखी मोठा बल्ब लावून हे सुटत नाही, सावली फक्त जास्त गडद होते. उजेड डोक्याच्या पुढून, म्हणजे कपाटाच्या तळातून यायला हवा.

काम फार अवघड नाही. पण मराठवाड्यातल्या घरात तीन गोष्टी या पट्ट्यांच्या मुळावर येतात: एप्रिल-मे महिन्यांतली ४२-४४ अंशांची उष्णता, वर-खाली होणारं व्होल्टेज आणि रोजच्या फोडणीची तेलकट वाफ. वर्षभरात पट्टी लोंबायला लागली, सप्लाय (२३० व्होल्टचे १२ किंवा २४ करून पट्टीला देणारा डबा) जळाला किंवा उजेड पिवळा पडला तर कारण बहुधा या तिघांतलंच असतं. म्हणून सामान आणण्याआधी जागा, उष्णता आणि वीज यांचा विचार करायचा. कंपनीचं नाव त्यानंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच. १२ किंवा २४ व्होल्टची बाजू, म्हणजे पट्टी, प्रोफाइल (पट्टी बसवायची ॲल्युमिनियमची पन्हळ) आणि सेन्सर, हाताने काम करायची सवय असलेल्या कुणालाही जमते. २३० व्होल्टची बाजू, म्हणजे बोर्डातून लाईन घेणं, बटण आणि सप्लायचं इनपुट, परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

मोजमाप

टेप घेऊन प्रत्येक कपाटाचा तळ वेगळा मोजा. उदाहरणादाखल १० फुटी ओटा धरू. मध्ये ६० सें.मी.ची चिमणी, डावीकडे १२० सें.मी. कपाट, उजवीकडे ९० सें.मी. कपाट, उरलेल्या जागेत खिडकी. म्हणजे पट्टीचे दोन तुकडे होतात, मिळून २.१ मीटर. चिमणीखाली पट्टी लावायची नाही. तिथे चिमणीचा स्वतःचा दिवा असतो आणि शेगडीची आच थेट वर येते. शेगडीच्या बाजूची पट्टीची टोकंही कपाटाच्या कडेपासून १०-१५ सें.मी. आत संपवावीत.

कपाटाच्या तळाची जाडी नक्की पाहा. बहुतेक ठिकाणी १६ किंवा १८ मि.मी. प्लाय किंवा पार्टिकल बोर्ड असतो. यावरून स्क्रू ठरतो: १२ मि.मी.पेक्षा लांब नको. वीस-पंचवीसचा स्क्रू मारला की त्याचं टोक वरच्या कप्प्यात निघतं आणि डबा काढताना हाताला लागतं.

शटर, म्हणजे कपाटाचं दार, तळाच्या खाली किती उतरतं तेही बघा. हँडल नसलेल्या मॉड्युलर किचनमध्ये ते बोटाला पकड मिळावी म्हणून दीड-दोन सें.मी. खाली असतं. पट्टी झाकायला तेवढी आड पुरते. शटर तळाशी बरोबरीने संपत असेल तर सुताराकडून पुढच्या कडेला २०-२५ मि.मी.ची लिपिंग पट्टी लावून घ्या. ती नसेल तर हॉलमध्ये किंवा पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट एलईडी जातात.

पट्टी पुढे की मागे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वायर लपवायला सोपं जातं म्हणून पट्टी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून लावतात. मग टाईल्स झगझगीत उजळतात आणि आपण काम करतो तो ओट्याचा भाग तसाच अंधारा राहतो. शिवाय भिंतीवरचा प्रत्येक तेलाचा डाग उठून दिसतो.

वरचं कपाट साधारण ३० सें.मी. खोल असतं आणि ओटा ६० सें.मी. म्हणजे कपाटाची पुढची कड ओट्याच्या बरोबर मध्यावर येते. पट्टी तिथे, शटरच्या किंवा लिपिंगच्या मागे एक सें.मी. सोडून लावायची. उजेड हातांच्या पलीकडून येतो, त्यामुळे सावली आपल्या अंगाकडे पडते, कामावर पडत नाही.

आता दिशा. ओट्याचा दगड मॅट किंवा फिक्या रंगाचा असेल तर सरळ खाली तोंड असलेलं चपटं प्रोफाइल उत्तम. आपल्याकडे मात्र बहुतेक ओटे काळ्या, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचे असतात आणि तो दगड आरशासारखं काम करतो: वरची पट्टी ठिपक्यांच्या माळेसारखी खाली दिसते आणि डोळे दिपतात. अशा ओट्यावर ४५ अंशांचं तिरकं प्रोफाइल घेऊन त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. उजेड दगडावर आपटून भिंतीकडे जातो, डोळ्यांत येत नाही. याची किंमतही मोजावी लागते. एलईडीचा झोत साधारण १२० अंशांचा असतो. तो ४५ अंश मागे वळवला आणि कपाट ओट्यापासून ५५ सें.मी. उंच असलं, तर कपाटाच्या कडेपासून पुढे जेमतेम १५ सें.मी. पर्यंतच कामापुरता उजेड मिळतो. म्हणून तिरक्या प्रोफाइलसोबत पट्टी थोडी जास्त वॅटची घ्या, नाहीतर ओट्याची पुढची कड मंद वाटेल.

ठरवण्याआधी एक चाचणी करा. पट्टीचा तुकडा सप्लायला जोडून कागदी टेपने कपाटाखाली तात्पुरता चिकटवा, रात्री ट्यूबलाईट बंद करून ओट्यापाशी उभं राहा आणि परात ठेवून बघा. पुढे, मागे, तिरकं असं तिन्ही करून बघायला दहा मिनिटं लागतात. स्क्रू मारल्यावर बदलायचं म्हणजे लॅमिनेटला भोकं राहतात.

कोणती पट्टी

दुकानात ५ मीटरचं रीळ मिळतं. स्वयंपाकघरासाठी मीटरला १२० एलईडी आणि साधारण ९.६ वॅट ही पट्टी पुरेशी असते. मीटरला ६० एलईडीवाली स्वस्त असते, पण ठिपके दिसतात आणि कामाला उजेड कमी पडतो. काळ्या ग्रॅनाइटवर सीओबी प्रकारची पट्टी सर्वांत देखणी दिसते. तिच्यात सुटे ठिपके नसतात, सलग रेघ उजळते.

१२ की २४ व्होल्ट? एकूण लांबी ३ मीटरच्या आत असेल तर १२ चालेल. त्यापुढे, किंवा एल आकाराचा ओटा असेल तर २४ घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा होतो, आणि वायरमध्ये होणारी घट टक्केवारीत चौथाई होते. कापताना फरक पडतो: मीटरला १२० एलईडीच्या १२ व्होल्ट पट्टीवर कापायची खूण सहसा दर २.५ सें.मी.वर असते, २४ व्होल्टवर ५ सें.मी.वर.

रंगाबद्दल आमचं मत ठाम आहे: ओट्यासाठी ४००० केल्विन. ६५०० चा निळसर पांढरा उजेड दुकानात भारी वाटतो, पण त्यात हळदीचा आणि तिखटाचा रंग निर्जीव दिसतो. ३००० चा पिवळसर उजेड मन रमवतो, पण डाळ निवडायला डोळे ताणावे लागतात. खिडकीला जाळी नसेल तर पावसाळ्यात कमी केल्विनची पट्टी सोयीची, कारण निळा भाग कमी असलेल्या उजेडाकडे किडे कमी येतात, आणि किड्यांमागे येणाऱ्या पालीही. तिथे ३००० घेणं समजण्यासारखं आहे. केल्विन कोणतंही असो, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा वर असावा. भाजी शिळी आहे की ताजी, मटण नीट शिजलं की नाही, हे ८० च्या खालच्या पट्टीत फसवं दिसतं.

सिलिकॉनचा थर असलेली आयपी ६५ पट्टी सिंकच्या वर आणि शेगडीजवळ घ्यावी (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा आकडा). झाकण असलेल्या प्रोफाइलमध्ये बाकी ठिकाणी आयपी २० पुरते, आणि ती थंडही राहते. पूर्ण कामाला लागेल तेवढी पट्टी एकाच रिळातून कापा. नंतर आणलेल्या रिळाचा पांढरा रंग थोडा वेगळा निघतो आणि शेजारी लावला की लगेच कळतो. उरलेला तुकडा फेकू नका, दुरुस्तीला लागतो.

ॲल्युमिनियम प्रोफाइल म्हणजे चैन नव्हे. ते पट्टीची उष्णता ओढून घेतं. थेट लॅमिनेटवर चिकटवलेली पट्टी पहिल्या उन्हाळ्यातच सुटते, कारण मागचा गोंद गरम होऊन मऊ पडतो आणि तेलाची वाफ कडेने आत शिरते. शिवाय तापलेला एलईडी लवकर मंदावतो. प्रोफाइलवरचं दुधी झाकण ठिपके झाकतं, पण उजेडाचा चांगला हिस्सा खातं. वॅट ठरवताना ते धरून चाला.

सप्लाय: पैसे इथे खर्च करा

हिशेब सोपा आहे. २.१ मीटर गुणिले ९.६ म्हणजे साधारण २० वॅट. सप्लाय पूर्ण क्षमतेवर चालवायचा नसतो, ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा. २० भागिले ०.८ म्हणजे २५ वॅट. बाजारात त्यापुढचा सहज मिळणारा आकडा १२ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट. तोच घ्या. कुरडयांचा चीक शिजवायला एप्रिलमध्ये पहाटे चारला दिवा लागतो, येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या रात्री भज्जी-आंबिलीची तयारी रात्रभर चालते. तेव्हा सप्लाय तासन् तास सलग चालतो, आणि काठोकाठ घेतलेला तिथेच दगा देतो.

लेबलवर चार गोष्टी वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असावं. शेतीपंप सुरू असताना गावात व्होल्टेज बरंच खाली येतं, आणि कमी पल्ल्याचा सप्लाय तेव्हा लुकलुकायला लागतो. आउटपुट व्होल्टेज पट्टीच्या व्होल्टेजइतकंच हवं. १२ च्या पट्टीला २४ चा सप्लाय लावला तर ती जळते. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक असावा. चौथी गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत बोर्डाला तीन पिनचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. अर्थिंगची खात्री नसेल तर धातूच्या पेटीचा सप्लाय घेऊ नका. चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेला, दुहेरी इन्सुलेशनचा प्लास्टिक बॉडीचा घ्या. खरं तर आधी अर्थिंग करून घेणं जास्त बरं.

जाळीदार धातूच्या पेटीच्या काही सप्लायना बाजूला ११० आणि २२० निवडायची छोटी कळ असते. ती ११० वर राहिली आणि लाईन दिली, तर सप्लाय त्याच क्षणी फुटतो. जोडण्याआधी ती बघणं चुकवू नका. या जाळीतून झुरळं आणि पालीही आत जातात आणि शॉर्ट करतात. स्वयंपाकघरासाठी पूर्ण बंद, आत इन्सुलेशनचा रेझिन भरलेला आयपी ६७ सप्लाय जास्त टिकतो.

आता सप्लाय कुठे ठेवायचा. सिलिंडर असलेल्या खालच्या कपाटात कधीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालीच साठतो, आणि बटण किंवा सैल जोडणीची एक ठिणगी पुरते. वरच्या कपाटाच्या माथ्यावर ठेवायची पद्धत सर्रास आहे. स्लॅबच्या घरात मधल्या मजल्यावर ते ठीक, पण पत्र्याच्या छताखाली किंवा वरच्या मजल्यावर मे महिन्यात तिथे भट्टी असते. सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. अशा घरात तो शेगडीपासून दूरच्या वरच्या कपाटाच्या आत, बाजूच्या फळीवर लावा. भोवती चार-पाच सें.मी. जागा मोकळी राहू द्या आणि फळीत वरखाली दोन भोकं पाडून हवा खेळती ठेवा. डब्यांच्या मागे दाबून ठेवू नका.

इन्व्हर्टर असेल तर स्वयंपाकघरातली ही लाईन त्याच्यावर घ्या. लाईट गेल्यावर खरी गरज तेव्हाच असते, आणि वीसेक वॅटचा भार किरकोळ आहे. पण पट्टी १२ व्होल्टची आहे म्हणून ती थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडण्याचा मोह टाळा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो. पट्टीतला करंट तेवढ्यानेच दीडपटीच्या वर जातो. आणि फ्यूजशिवाय वायर शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, वायर लालभडक होते आणि प्लाय पेटतो.

वायर

पट्टीला कारखान्यातून लावून आलेली लाल-काळी वायर केसासारखी बारीक असते. ती वाढवत नेऊ नका. सप्लायपासून पट्टीपर्यंत ०.७५ चौ.मि.मी. मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या, लांब पल्ल्याला १ चौ.मि.मी. फरक आकड्यांत बघा. १.७ अँपिअर भार, सप्लायपासून ४ मीटर अंतर, जाऊन-येऊन ८ मीटर. ०.७५ च्या वायरमध्ये सुमारे ०.३५ व्होल्ट घटतात, म्हणजे ३ टक्के, डोळ्यांना कळत नाही. तीच लाईन ०.२ च्या बारीक वायरने ओढली तर सव्वा व्होल्टच्या आसपास जातं, १० टक्के, आणि उजेड स्पष्ट मंद दिसतो.

दोन्ही कपाटांना सप्लायपासून स्वतंत्र वायर न्या. एका पट्टीच्या शेवटातून दुसरी पट्टी चालवली की दुसरी मंद होते. चिमणीच्या पलीकडे जाणारी वायर कपाटांच्या माथ्यावरून, केसिंग पट्टीतून, चिमणीच्या पाइपला न चिकटता न्यायची.

रंगांचा गोंधळ धोकादायक आहे. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. डीसीच्या बाजूला लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. सप्लायपाशी दोन्ही जोड्या शेजारी येतात. दोन्हीकडे टेपवर पेनाने ‘२३०’ आणि ‘१२’ लिहून चिकटवा आणि वायरी वेगवेगळ्या भोकांतून काढा.

बसवण्याचा क्रम

१. रीळ आणल्यावर पूर्ण उलगडून ६० वॅटच्या सप्लायला जोडा आणि अर्धा तास चालू ठेवा. पूर्ण ५ मीटर रीळ ४८ वॅट घेतं, आपला ३६ वॅटचा त्याला पुरत नाही. गुंडाळलेलं रीळ पेटवून ठेवू नका, मधली वळणं तापून खराब होतात. एखादा एलईडी मेलेला असेल तर आत्ताच कळतो आणि दुकानदार बदलून देतो.

२. एमसीबी खाली पाडा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण बऱ्याच घरांत बटण न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. टेस्टरने तपासा, मल्टिमीटर असेल तर त्यानेही.

३. कपाटाचा तळ आधी भांड्याच्या साबणाने, मग मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटने पुसा. बोट फिरवल्यावर चिकट लागलं तर पुन्हा पुसा. थिनर वापरू नका, ॲक्रिलिक आणि मेम्ब्रेन शटरची चकाकी जाते.

४. प्रोफाइल हॅक्सॉने कापा, बारीक दात असलेलं पातं वापरा. कापलेली कड कानशीने घासा, नाहीतर ती धारदार कड पट्टीचं इन्सुलेशन खरवडते. दोन्ही टोकांच्या टोप्यांसाठी ३-४ मि.मी. धरा.

५. क्लिप दर ३०-४० सें.मी.ला एक, १२ मि.मी. स्क्रूने. आधी २ मि.मी. ड्रिलने भोक पाडून घ्या, पार्टिकल बोर्ड फुटत नाही.

६. वायरसाठी तळाच्या मागच्या कोपऱ्यात ८ मि.मी. भोक. लॅमिनेटवर कागदी टेप लावून मग ड्रिल करा, कड उडत नाही. भिंतीत भोक पाडायचं असेल तर बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि सिंकच्या नळाच्या वर कधीच नाही. आतल्या वायरी आणि पाइप सहसा तिथूनच गेलेले असतात.

७. पट्टी फक्त खुणेवरच, तांब्याच्या ठिपक्यांच्या मधोमध कात्रीने कापा. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं, ६०/४० ची तार, थोडं फ्लक्स. आधी ठिपक्यावर आणि वायरच्या टोकावर वेगवेगळं कथिल चढवा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंद तापवा. जास्त वेळ धरलं तर तांब्याचा ठिपका उचलून येतो. थंड झाल्यावर हलका ओढून बघा, मग श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. दाबून बसवायचे क्लिप कनेक्टर हॉलमध्ये चालतात. ओट्यावर वाफ आणि तेलाने त्यांचे पिन काळे पडतात आणि पट्टी अधूनमधून बंद पडते.

८. पट्टी प्रोफाइलमध्ये चिकटवताना ओढून ताणू नका. कोपऱ्यावर ती आडवी मोडायची नाही. तिथे कापून वायरच्या छोट्या तुकड्याने जोडायची. आयपी ६५ असेल तर जोडणीपुरतं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा आणि नंतर तिथे पुन्हा सिलिकॉन भरा.

९. सप्लायच्या प्लसवर, पट्टीच्या आधी, ३ अँपिअरचा इनलाइन फ्यूज टाका. प्रोफाइलमध्ये पट्टी शॉर्ट झालीच तर कामाला येतो.

१०. वायरमनने २३० ची बाजू जोडल्यावर आधी सप्लाय एकटा चालू करून आउटपुट मोजा. १२ च्या जवळपास आलं तरच पट्टी जोडा. मग पट्टीच्या दूरच्या टोकाला मोजा, ११.४ च्या खाली असेल तर वायर जाड करा किंवा दुसऱ्या टोकाकडूनही वायर द्या. तासाभराने सप्लायला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर जागा किंवा क्षमता बदलायला हवी.

कपाटं नसतील तर

कडप्प्याच्या फळ्या आणि मांडणी असलेल्या घरातही हे करता येतं. कडप्प्याला ड्रिल मारू नका, थराथराने चीर जाते. फळीचा तळ पॉलिश केलेला नसतो, म्हणून तारेच्या ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करून पूर्ण वाळवा. प्रोफाइलला दर १५ सें.मी.वर न्यूट्रल (आम्ल नसलेल्या) सिलिकॉनचा ठिपका आणि मधे फोमची जाड दुहेरी टेप लावून दाबा. २४ तास खालून लाकडी पट्टीचा टेकू द्या. टेप लगेच धरते आणि सिलिकॉन सावकाश घट्ट होतं, म्हणून दोन्ही लागतात. माळवदाच्या जुन्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंतीत खोबण खणत बसू नका, माती सुटते आणि ओलही धरते. केसिंग-कॅपिंग भिंतीवरून न्या आणि लाकडी ठोकळ्यांवर स्क्रू मारा.

चालू-बंद आणि कमी-जास्त

सर्वांत भरवशाचं म्हणजे बोर्डावरचं साधं ६ अँपिअरचं बटण, सप्लायच्या आधी, फेजवर. सप्लाय पूर्ण बंद होतो, वीज वाया जात नाही. २० वॅटची पट्टी रोज ४ तास चालली तर सप्लायची घट धरून महिन्याला साधारण ३ युनिट जातात. सेन्सर डीसीच्या बाजूला लावला की सप्लाय चोवीस तास जागा राहतो. १ वॅट धरला तरी वर्षाला ८-९ युनिट. फार नाही, पण म्हणूनच सेन्सर लावला तरी मागे मुख्य बटण हवंच.

हात हलवून चालणारा सेन्सर ओट्यासाठी फार सोयीचा, कारण हात कणकेने भरलेले असतात. तो प्रोफाइलच्या आत किंवा कपाटाच्या कडेला बसतो आणि पाच-आठ सें.मी.वरून हात ओळखतो. शेगडीच्या बाजूला लावला तर वाफेने आणि उलथण्याच्या हालचालीने उगाच चालू-बंद होतो. सिंक आणि शेगडीच्या मधे, सिंककडच्या टोकाला लावा. टच सेन्सर ओल्या बोटाने बिथरतात. पाकिटावर ५ अँपिअर लिहिलेलं असलं तरी त्यावर निम्म्याच्या आतच भार ठेवा.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर रात्री पाणी प्यायला येणाऱ्यासाठी छान. ओट्यावर तो त्रास देतो: माणूस एका जागी उभा राहून भाकरी भाजत असतो, सेन्सरला हालचाल पुरेशी वाटत नाही आणि दिवा जातो. लावायचाच असेल तर वेळ ५ मिनिटांच्या पुढे ठेवा.

उजेड कमी-जास्त करायला डीसी बाजूचा पीडब्ल्यूएम डिमर (पट्टी फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) लावा, सप्लाय आणि पट्टीच्या मधे. पंख्याच्या रेग्युलेटरला सप्लाय जोडून उजेड कमी करायचा प्रयत्न बरेच जण करतात. साधा सप्लाय त्यावर गुणगुणतो, लुकलुकतो आणि काही आठवड्यांत जातो. डिमर घेताना मोबाईलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यातून पट्टी बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर डिमरची गती कमी आहे आणि तासन् तास काम करताना डोकं दुखू शकतं.

वाय-फायचा कंट्रोलर घ्यायचा असेल तर तीन गोष्टी आधी विचारा. बहुतेक कंट्रोलर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरवर ते नेटवर्क चालू हवं. लाईट जाऊन आली की दिवा कोणत्या स्थितीत येतो, ही सेटिंग ॲपमध्ये हवी आणि ‘आधीची स्थिती’ यावर ठेवावी. नाहीतर मध्यरात्री वीज आली की स्वयंपाकघर झगमगतं. आणि मोबाईल न घेता दाबता येईल असं भिंतीवरचं बटण त्याला जोडता यायला हवं, कारण सासूबाई दिवा लावायला ॲप उघडत बसणार नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेल्यावर ॲपचा उपयोग नाही. पहाटे पाचला ३० टक्के, संध्याकाळी सातला पूर्ण, अशी वेळ लावून ठेवणं मात्र खरोखर उपयोगी पडतं.

बिघाड आणि त्यांची कारणं

दर सेकंदाला उघडझाप होत असेल तर सप्लायवर भार जास्त आहे किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे. पट्ट्या एकेक सोडवून बघा. फक्त अडीच किंवा पाच सें.मी.चा तुकडा काळा पडला तर त्या साखळीतला एक एलईडी गेला. दोन्ही बाजूंच्या खुणांवर तेवढाच तुकडा कापून, उरलेल्या रिळातला लावा. बटण बंद असताना पट्टी काजव्यासारखी मंद उजळत असेल तर बटण न्यूट्रलवर आहे किंवा बटणात निऑनचा इंडिकेटर आहे. बटण फेजवर घ्या, इंडिकेटर काढा.

इन्व्हर्टरवर घेतल्यावर आरसीसीबी (वीज गळती झाली की लाईन तोडणारा ब्रेकर) पडायला लागला तर बहुतेक वेळा फेज इन्व्हर्टरच्या लाईनचा आणि न्यूट्रल दुसऱ्या बोर्डातून घेतलेला असतो. दोन्ही एकाच सर्किटचे हवेत. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे. सिंकशेजारच्या ओल्या ओट्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हेच खरं संरक्षण आहे. वीज परत येताना सप्लाय वारंवार जळत असेल तर मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचे अचानक झटके अडवणारा) बसवून घ्या.

उजेड पिवळा वाटायला लागला की पट्टी बदलण्याआधी झाकण पुसा. सहा महिन्यांच्या फोडणीने त्यावर तेलाचा पिवळा थर चढतो. महिन्यातून एकदा बटण बंद करून, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. दुधी झाकण ओढून निघतं, ते बाहेर धुऊन पूर्ण वाळवून परत लावता येतं. काथ्या लावू नका, ओरखडे पडतात आणि त्यात तेल बसतं. मार्चमध्ये, उन्हाळ्याच्या तोंडावर, क्लिपचे स्क्रू घट्ट करून सप्लायभोवतीची धूळ आणि कोळ्याची जाळी काढा. एक सप्लाय, एक फ्यूज आणि उरलेली पट्टी कपाटात नाव लिहून ठेवा, कारण बंद पडलेल्या मॉडेलचा तोच सप्लाय दोन वर्षांनी तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही.